स्क्रू सुटला, पट्टा खांद्यावरच राहिला

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: स्लिंग पट्ट्यावरून कॅमेरा पडल्याबद्दल, आणि त्यावर तुमच्याकडून आलेल्या उत्तराबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

तुमच्या कंपनीचा खांद्यावरून तिरका घालायचा स्लिंग पट्टा मी सात महिने वापरला. गेल्या महिन्यात त्या पट्ट्यावरून माझा कॅमेरा लांब लेन्ससकट दगडावर पडला. मी ईमेल केल्यावर तुमच्या विभागाकडून तीन ओळींचं उत्तर आलं. स्क्रू वेळोवेळी आवळला नसावा, हा वापरातला निष्काळजीपणा आहे आणि तो वॉरंटीत बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. फोटो मागितले नाहीत, पट्टा पाहायला मागितला नाही. त्या तीन ओळींना हे उत्तर आहे. जरा लांबेल, पण तुमचं फारच आखूड होतं.

हा पट्टा मी दिसला म्हणून उचलला नव्हता. मला मानेच्या मणक्यांचं दुखणं आहे आणि गळ्यात वजन अडकवायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे. छंद मात्र पक्ष्यांचे फोटो काढायचा. म्हणजे कॅमेरा अंगावर घेऊन पाच-सहा तास चालायचं, आणि पक्षी दिसला की तो झटकन डोळ्याला लागला पाहिजे. कॅमेरा आणि लेन्स मिळून २.३ किलो भरतात. बॅगेत ठेवला तर पक्षी जातो, गळ्यात घातला तर मान जाते. तेव्हा स्लिंगशिवाय पर्याय नव्हता, आणि कुठली स्लिंग घ्यायची यावर मी तीन आठवडे घालवले. घरच्यांनी तोवर कंटाळून हात जोडले होते.

आधी चांगलं ते सांगते, कारण तेही खरं आहे. तुमच्या पट्ट्याने मान सुटली. वजन डाव्या खांद्यावरून छातीवर तिरकं उतरतं, कॅमेरा उजव्या कमरेशी उलटा लटकतो, आणि उचलला की पट्टा जागच्या जागी राहून नुसती कडी त्यावरून सरकत वर येते. विणलेली पट्टी गाडीच्या सीटबेल्टसारखी गुळगुळीत आहे, कपड्यांत अडकत नाही. खांद्यावरची गादी ताणत नाही, हे मला विशेष आवडलं. जाड, मऊ निओप्रीनच्या गाद्या हातात घेतल्यावर छान वाटतात, पण त्या रबरासारख्या ताणतात. प्रत्येक पावलाला वजन खाली जातं आणि उसळी मारून वर येतं. दोन तास चाललं की त्या मऊपणाचे हिसके खांदा मोजायला लागतो. तुमची गादी पातळ आणि रुंद आहे. हे ज्याने ठरवलं त्याला खांद्याची जाण आहे.

त्याला बाईच्या खांद्याची मात्र नाही. पट्टा छातीवरून नेमका कुठून जाणार याचा विचार केलेला दिसत नाही. तुमच्या माहितीपत्रकातली सगळी चित्रं रुंद खांद्यांच्या पुरुषाची आहेत. गादीला बाक फक्त डाव्या खांद्याचा, त्यामुळे डावखुऱ्या माणसाने काय करायचं हे त्याचं त्याने पाहावं. पाचशेएक वेळा कॅमेरा वर-खाली केला की गादी हळूहळू पाठीकडे सरकते आणि मानेशी नुसती उघडी पट्टी रुतायला लागते. काखेखालून घ्यायचा एक छोटा पट्टा जोडला असता तर ती जागेवर राहिली असती. कडी पाठीमागे जाऊ नये म्हणून पट्टीवर एक अडणी दिली आहे, ती चांगली आहे. ती नसती तर गर्दीत कॅमेरा पाठीमागे गेला तरी कळलं नसतं. या कुरबुरींवर मी पत्र लिहिलं नसतं. आता लिहितेच आहे तर सांगून टाकते.

मूळ प्रश्न कॅमेरा पट्ट्याला जोडणाऱ्या स्क्रूचा.

त्या दिवशी सकाळी निघताना मी स्क्रू हाताने आवळला होता. तुमच्या स्क्रूला नाणं किंवा पाना लावायला खाचच नाही. कडेला दातेरी कडा आहे, ती दोन बोटांनी जितकी फिरेल तितकी फिरवायची. साडेतीन तास चालल्यावर एका खडकाळ उतारावर माझा खांदा अचानक हलका झाला. आवाज त्यानंतर आला. लेन्सचं तोंड दगडावर आपटलं होतं. फोकसची रिंग आता अर्ध्यावर अडकते, आणि लेन्स जिथे कॅमेऱ्याला बसते ती धातूची कडा एका बाजूने वाकली आहे.

पट्टा माझ्या अंगावर तसाच होता. हुक बंद, हुकाचं कुलूप बंद, बकल जागेवर, शिवणीचा एक टाका उसवलेला नाही. हुकात तुमचा स्क्रू लोंबत होता. जड लेन्सला खालून स्वतःचा पाय असतो, स्क्रू त्याच्या भोकात बसवला होता. ते भोक मी पाहिलं, तिथले आटे शाबूत. स्क्रूचे आटेही शाबूत. म्हणजे तुटलं काहीच नव्हतं. चालता चालता स्क्रू उलटा फिरत फिरत बाहेर आला.

तो का फिरला हे मी नंतर घरी बसून शोधलं. ट्रायपॉडचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या तिपाईचा, नेहमीचा स्क्रू पाव इंची असतो आणि त्याला इंचाला २० आटे असतात. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात तो १.२७ मिलिमीटर पुढे किंवा मागे जातो. तुमच्या तशाच स्क्रूचा आत जाणारा भाग मी मोजला, तो ५ मिलिमीटर भरला. जेमतेम चार फेरे. माझा सगळा कॅमेरा या चार फेऱ्यांवर टांगलेला होता.

आता लटकणारा कॅमेरा चालताना काय करतो ते पाहा. तो मांडीला घासतो, डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो. हे वळणं स्क्रूपर्यंत पोचू नये म्हणून वर गरगर फिरणारी कडी दिलेली असते, जिला तुम्ही माहितीपत्रकात स्विव्हल म्हटलं आहे. कडी मोकळी असेल तर कॅमेऱ्याने कितीही गिरक्या घेतल्या तरी स्क्रूला पत्ता लागत नाही. माझ्या पट्ट्यातली ती कडी जाम झाली आहे. तिच्या फटीत बारीक धूळ बसली आहे, आणि ती धूळ आत जाऊ नये म्हणून तुम्ही काहीही केलेलं नाही. कडी फिरेना झाली की कॅमेऱ्याचं प्रत्येक वळणं थेट स्क्रूवर येतं. आवळण्याच्या दिशेने तो अडतो, सैल होण्याच्या दिशेने त्याला अडवणारं फक्त रबरी वॉशर असतं. ते वॉशर सात महिन्यांत चेपून कडक झालं आहे. नखाने दाबून पाहिलं, दबत नाही.

तर ‘वेळोवेळी आवळला नसावा’ हे उत्तर अपुरं आहे. मी सकाळी आवळला होता. जाम झालेल्या कडीमुळे तो एका सकाळीत पुन्हा सैल झाला. वेळोवेळी म्हणजे किती वेळाने? तासाला? प्रत्येक झाडाखाली? तुमच्या माहितीपत्रकात सहा चित्रं आहेत. पट्टा कसा घालायचा, लांबी कशी कमी करायची, हुक कसा उघडायचा, सगळं आहे. स्क्रू तपासा, वॉशर बदला, कडी साफ ठेवा, यातलं एक अक्षर कुठे नाही. जे सांगितलंच नाही ते केलं नाही म्हणून निष्काळजी मी?

त्याच पत्रकातल्या चौथ्या चित्राबद्दलही बोलायला हवं. त्यात लांब, जाड लेन्स लावलेला कॅमेरा आहे, आणि तुमचा स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाला लावलेला दाखवला आहे. अशा जड लेन्सला स्वतःचा पाय असतो आणि पट्टा त्याला लावायचा असतो. कॅमेऱ्याला लावला तर लेन्सचा सगळा भार जोडाच्या त्या पातळ कड्यावर येतो, वजन पुढे झुकतं आणि कॅमेरा कमरेशी कधीच नीट बसत नाही. पहिला महिनाभर मी चित्रावर विश्वास ठेवून तसाच लावला. सोबत फोटो काढणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांनी ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. हे त्यांनी सांगावं लागलं, याची लाज मला वाटायला हवी की तुम्हाला?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘८० किलो भार सहन करतो’ असं छापलं आहे. पट्टा निवडताना माझ्यासारख्या माणसावर या आकड्याचा परिणाम होतो, नाकारून काय उपयोग. दोन-सव्वादोन किलो लटकवायचे आणि पट्टा ८० किलोचा, मग चिंता कसली! पण हे ८० किलो कुणाचे? पट्टीचे, शिवणीचे, बकलचे की हुकाचे? खोका सांगत नाही. शिवाय शांतपणे लटकणारं वजन वेगळं आणि हिसका वेगळा. २.३ किलोचा कॅमेरा ३० सेंटिमीटर मोकळा खाली आला आणि पट्ट्याने त्याला पुढच्या ३ सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर त्या क्षणी सरासरी अकरा पट, म्हणजे साधारण २५ किलोचा ओढा बसतो. उतारावर पाय घसरला की असा हिसका सहज बसतो. तुमची पट्टी तो झेलेलही, माझी तक्रार पट्टीबद्दल नाहीच. जो आकडा तुम्ही मिरवता त्याचा माझ्या कॅमेऱ्याच्या पडण्याशी काडीचा संबंध नव्हता. ८० किलोच्या पट्ट्याखाली चार फेऱ्यांचा स्क्रू होता, आणि त्याबद्दल खोक्यावर काही नव्हतं.

आणखी एक बाब, जी रोज वापरणाऱ्यालाच कळते. ट्रायपॉड वापरायचा झाला की त्याच भोकातून तुमचा स्क्रू काढावा लागतो, आणि काम झालं की परत बसवावा लागतो. अंधारात, घाईत, थंडीत हातमोजे घालून. प्रत्येक वेळी तो किती आवळला गेला हे बोटांच्या अंदाजावर. खाली एक चपटी प्लेट कायम पक्की बसवून, तिला ट्रायपॉड वेगळा आणि पट्टा वेगळा जोडता येईल अशी सोय बाजारात आहे. ती द्यायची नसेल तर निदान स्क्रूला नाण्याची एक खाच पाडा. खाच पाडायला किती खर्च येतो?

आता उसन्या आणलेल्या कॅमेऱ्यावर आणि तशाच उसन्या पट्ट्यावर मी काय केलं आहे ते सांगते. कॅमेऱ्याच्या अंगावर गळ्यातल्या पट्ट्यासाठी जी कडी असते, तिच्यातून मजबूत दोरीचा एक फास काढून तो स्क्रूच्या वरच्या हुकात अडकवला आहे. स्क्रू सुटला तरी कॅमेरा थोडा खाली येऊन दोरीला लटकत राहील. दोरी वीतभर लांब असली की पुरते, जास्त लांब ठेवली की हिसका वाढतो. बकल किंवा पट्टीच तुटली तर ही दोरी काही वाचवणार नाही, पण ते व्हायची शक्यता फार कमी. व्हायचं होतं ते स्क्रूचंच झालं. असा जोडपट्टा काही कंपन्या पट्ट्यासोबत खोक्यातच देतात. मी तीन आठवडे शोधाशोध केली तेव्हा गादीचा मऊपणा, पट्टीची रुंदी, रंगसुद्धा पाहिला. या वीतभर दोरीची चौकशी करायचं मात्र सुचलं नाही. ती चूक माझी, मान्य आहे. पण ‘निर्धास्त फिरा’ हे शब्द तुम्ही छापले होते, मी नाही.

माझं म्हणणं असं. लेन्सच्या दुरुस्तीचा अंदाज मी सेवा केंद्रातून घेतला आहे, तो सोबत जोडला आहे, तो खर्च तुम्ही द्यावा. पट्ट्याची किंमत परत करून हे प्रकरण मिटणार नाही, कारण माझं भांडण पट्ट्याच्या किमतीशी नाही. दुसरं, ज्यांनी हाच पट्टा घेतला आहे त्या सगळ्यांना तुमच्याकडे नोंद असलेल्या पत्त्यांवर सूचना पाठवा: कडी फिरते का ते पाहा, वॉशर कडक झालं असेल तर बदला. वॉशर आणि सुरक्षा-दोरी दोन्ही फुकट पाठवा. तुमच्या खोक्याच्या छपाईपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल. चौथं चित्र बदला. आणि ८० किलो छापायचेच असतील तर कशाचे ते त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा.

याचं उत्तर पंधरा दिवसांत लेखी हवं आहे, आणि ते पट्टा प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं असावं. पट्टा, स्क्रू आणि वॉशर मी एका डब्यात वेगळे ठेवले आहेत. तपासणीसाठी पाठवायची तयारी आहे, फक्त पोच द्या आणि तपासून झाल्यावर सगळं परत करा. ती कडी मी साफ केलेली नाही. एकदाच दोन बोटांनी फिरवून पाहिली, फिरली नाही, आणि जशी अडकली आहे तशीच राहू दिली. तुमच्या माणसालाही आधी बोटांनीच फिरवायला सांगा, तेल घालू नका.

आपली,
एक ग्राहक

सोबत: पट्टा, हुक आणि स्क्रूचे फोटो; लेन्सचे फोटो; दुरुस्तीचा अंदाज; खरेदीच्या बिलाची प्रत; तुमच्या आधीच्या ईमेलची प्रत