सोलरची पेटी माझ्या हाताला येईल अशी बसवणाऱ्या दादांना

दादा,

फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "अहो ताई, कामच आहे ते आमचं" म्हणून दोन वाक्यांत विषय संपवलात. माझा विषय काही संपलेला नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्ही नोव्हेंबरात आमच्याकडे आलात तेव्हा तुमच्या लेखी ते एक नेहमीचं काम असेल. 2 एकर रान, 3 एचपीचा पंप, 6 पॅनेल. आमच्या लेखी काय होतं ते तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तुम्हीही फार विचारलं नाहीत. तुम्ही एकच प्रश्न विचारलात. त्याच्याकडे येतेच, पण त्याआधीचं थोडं सांगते.

आमचं रान जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला. आजूबाजूला ऊस. उसात बिबट्या असतो हे इथल्या शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे. बिबट्यांसाठी वेगळं निवारा केंद्र माणिकडोहला उभारावं लागलं, असा आमचा तालुका. आणि शेतीची लाइट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची असायची. पाणी भावकीतल्या सामाईक विहिरीवरून, कनेक्शन चुलत सासऱ्यांच्या नावावर. दिवसाची पाळी मोठ्या रानांना आणि रात्रीची उरलेल्यांना, हे न बोलता ठरलेलं. मिस्टर चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतात. म्हणजे दारं धरायला, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, मीच. एका हातात बॅटरी, एका हातात खोरं, आणि बांधावर सासूबाई ताटली वाजवत उभ्या. आवाज असला की जनावर जवळ येत नाही म्हणतात. खरं खोटं त्यालाच माहीत.

त्या सामाईक विहिरीवरच्या खोलीत स्टार्टर होता, पुरुषांच्या खांद्याच्या उंचीवर. माझी उंची पाच फुटालाही दोन बोटं कमी. बटण दाबायचं तर खाली एक दगड ठेवलेला, त्यावर चढून टाचा उंच करायच्या. पाय ओले, दगड ओला, भिंतीला ओल. दोन वर्षांपूर्वी पाय घसरला आणि पडता पडता मी स्टार्टरच्या वायरीलाच हात घातला. लाइट त्याच क्षणी गेलेली होती, म्हणून आज हे लिहितेय. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? दुसऱ्या रात्री दगड पुसला आणि पुन्हा चढले.

मग कर्ज काढून आमची स्वतःची विहीर झाली आणि सोलर पंपाचा अर्ज केला. आमचा हिस्सा भरला. पुढचं सगळं लिहीत बसत नाही. अर्ज केलेल्यांना ते पाठ आहे. एवढंच सांगते, की आधी पंप बसवायला जे लोक आले ते लोखंडी सांगाडा बांधावर टाकून गेले आणि चार महिने फिरकले नाहीत. फोन लावला की "मालकांना फोन करायला सांगा." अहो, सातबारा सासूबाईंच्या नावावर, रान करते मी, मालक कोण तिसरा? त्यांच्यातला एक जण तर करंजाकडे बोट दाखवून म्हणाला, हे झाड तोडून ठेवा, मगच येऊ. सावली पडते म्हणे. त्या करंजाचा पाला आमच्या दशपर्णी अर्कात, म्हणजे किडीवरच्या घरच्या औषधात जातो, त्याच्या सावलीत जीवामृताची, शेणा-गोमूत्राच्या खताची टाकी आहे.

त्या चार महिन्यांत डिझेल इंजिन भाड्यानं आणून भागवलं. आम्ही सहा वर्षं रानात रासायनिक खताचा दाणा टाकला नाही. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जमीन जिवंत ठेवायची आणि तिलाच इंजिनाच्या धुरातलं पाणी पाजायचं. एका सकाळी विहिरीत डोकावले तर पाण्यावर तेलाचा तवंग, उन्हात सात रंगांचा चमकत होता. त्या दिवशी मी रडले हे आज पहिल्यांदा सांगतेय.

आणि मग तुम्ही आलात. तुमचा टेम्पो फाट्यावरच थांबला, कारण ओढ्यातून पुढं यायला वाट नाही. आधीच्यांनी याच ओढ्याचं कारण सांगून हात वर केले होते. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीत, ओढ्यात उतरून तळ पाहिलात आणि विचारलंत, "बैलगाडी मिळंल का कुणाची?" माणसाच्या उंचीपेक्षा लांब, एकेक अठ्ठावीस किलोची पॅनेलची काच. गाडीत बाजरीचं सरमाड अंथरून तुम्ही ती उभी लावलीत. आमचा शेजारी म्हणाला, आडवी टाका की, एका खेपेत जातील. तुम्ही म्हणालात, "काच फुटली तर दिसते मामा, पण आतल्या पट्टीला बारीक चीर गेली तर डोळ्याला दिसत नाही, आणि ताईंचं पाणी मात्र वर्षागणिक कमी होत जातं." तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला तुम्ही गाडीच्या मागं हात लावून चालत होता.

करंज तुम्ही तोडू दिला नाहीत. एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळी ओळ मंदावते आणि डिसेंबरात सावली आणखी लांबते, हे काठी रोवून दाखवलंत, आणि सांगाडा वीस फूट उत्तरेला सरकवलात. खड्डे पुन्हा घ्यावे लागले. कुरकुर नाही.

पण दादा, मी हे पत्र लिहितेय ते यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून झाला होता. पंप चालू-बंद करायची कंट्रोलरची पेटी खांबाला बसवायची होती. तुमच्या पोरानं ती नेहमीच्या अंदाजानं वर धरली आणि मार्कर मागितला. तुम्ही म्हणालात, "थांब." आणि आमच्याकडे वळून विचारलंत, "दारं कोण धरतं?"

मिस्टर त्या दिवशी सुट्टी काढून आले होते. ते काही बोलायच्या आत सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. तुम्ही मला खांबापाशी बोलावलंत. "ताई, चपला काढा. रानात जशा उभ्या राहता तशा राहा. आता हात पुढं करा, वर ताणू नका." माझं बोट जिथं टेकलं तिथं गोणीतल्या कोळशाच्या खड्यानं तुम्ही रेघ ओढलीत. पेटी त्या रेघेवर बसली. मग त्याच कोळशानं आतल्या बाजूला एका बटणापाशी "चालू" लिहिलंत, दुसऱ्यापाशी "बंद".

मी पदर डोळ्याला लावला तो धूळ गेली म्हणून नव्हे. त्या दगडाचं तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी त्याच्यावर चढत होते, रोज बघणाऱ्या कुणाला ती उंची कधी दिसली नाही, आणि दोन दिवसांसाठी आलेल्या परक्या माणसानं विचारली. मिस्टर त्या रात्री बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू कधी बोलली का नाहीस?" त्या रात्री त्यांना त्या वायरीचंही सांगितलं.

माणूस चांगला म्हणजे काय, याच्या मोठमोठ्या व्याख्या ऐकल्यात मी, सप्त्यातल्या कीर्तनांत, निवडणुकीच्या सभांत. मला विचाराल तर हातातलं काम करताना, ते पुढं वापरणार कोण आहे हे ज्याच्या ध्यानात येतं, तो चांगला. असे लोक आहेत. एसटीतले काही कंडक्टर आहेत, म्हातारीचा पाय फुटबोर्डावर टेकल्याशिवाय घंटी मारत नाहीत. आमच्या अंगणवाडीच्या बाई आहेत, लेकराचं वजन मोजून झालं की आईला विचारतात, तू जेवलीस का? त्यांचे सत्कार होत नाहीत. ज्यांनी सांगाडा टाकून पळ काढला त्यांच्या गाडीवर मात्र मोठा फलक होता, शेतकऱ्यांच्या सेवेत म्हणून.

आता सकाळी नऊला मोटार चालू करते. ढग असले तर पाणी बारीक येतं, तेवढंच रान भिजवते, वाफसा, म्हणजे मातीतली बेताची ओल, मोडत नाही. काचा तुम्ही सांगितल्याप्रमाणे सकाळी ऊन तापायच्या आत धुते, दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारत नाही. संध्याकाळी सहाला सगळे घरात असतो. धाकटी म्हणाली, आई, तू आता रात्री घरी असतेस. ती सात वर्षांची आहे.

तुम्ही दोन दिवसांत फक्त चहा घेतलात. जेवायला बसा म्हटलं तर अंधार व्हायच्या आत ओढा ओलांडायचा होता. यंदा सोलरच्या पाण्यावरचं पहिलं पीक खपली गहू आहे, ओंब्या भरल्यात. मार्चात निघेल. खपलीचं टरफल चिवट, वहिनींना सडायचा त्रास नको, म्हणून पाच किलो मीच सडून, पाखडून ठेवते. पोराला घेऊन या. ओढा आता आटलाय, टेम्पो थेट विहिरीपर्यंत येईल. या वेळेला जेवूनच जायचं.

तुमची,
करंजाच्या रानातली ताई