तपासणारा माणूस कुणाचा?

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत मतदान यंत्रावरून आपलं वाजलं, ते अजून डोक्यातून जात नाही. तू म्हणालास, "आयआयटीचे प्राध्यापक बसलेत तपासायला, आणि तू उद्यमबागेतला फाउंड्रीवाला शंका काढतोस?" माझी शंका त्यांच्या शिक्षणावर नाही रे.

पंपाच्या केसिंगचा तो लॉट तुला सांगितला नव्हता. मी क्वालिटीला होतो तेव्हाचा. टेस्ट बार, म्हणजे ओढून ताकद मोजायचा त्याच धातूचा नमुना-दांडा, ठरलेल्या ताकदीच्या बराच आधी तुटला. लॅबमधला पोरगा हुशार, मेटलर्जीचा डिप्लोमा, हात साफ. पण पगार मालकाच्या हातात. संध्याकाळी दुसऱ्याच हीटचा, म्हणजे भट्टीत वेगळ्या वेळी वितळवलेल्या धातूचा, बार मशीनवर ओढला गेला आणि सर्टिफिकेटवर हीट नंबर मात्र या लॉटचा पडला. खाली माझी सही आहे. पुढे गिऱ्हाइकाने आपला इन्स्पेक्टर धाडला. त्याने कागद बाजूला सारला. केसिंगला जोडून ओतलेला बार समोर तोडायला लावला, त्यावर स्वतःचा पंच मारला आणि तो ओढेपर्यंत मशीनपासून हलला नाही. सगळा लॉट परत आला. शिकलेला तो आमच्या पोराएवढाच, पण त्याचं पोट आमच्यावर नव्हतं.

आता यंत्राकडे बघ. बनवतात बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल, दोन्ही केंद्र सरकारच्या. १९९० साली प्रा. संपत यांच्या आणि २००६ साली प्रा. इंदिरेसन यांच्या समितीने यंत्रं पाहिली, माणसं मोठीच. पण प्रमाणपत्र देणारं एसटीक्यूसीही केंद्राच्याच खात्याखालचं. २६ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विधानसभा क्षेत्रामागे ५ टक्के यंत्रांची मेमरी तपासून मागायची सोय दिली. तपासणार कोण, तर बनवणाऱ्या कंपनीचेच इंजिनिअर! ते वाचलं आणि मला तो हीट नंबर दिसायला लागला.

घोटाळा झाला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. उलट मत दिल्यावर छापून येणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मला पटते. सात सेकंद का होईना, ती मतदाराला स्वतःला दिसते, आणि विधानसभा क्षेत्रामागे ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या उमेदवारांच्या माणसांसमोर मोजतात. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ साली हेच धरलं: मतदान आणि मोजणी नीट झाली का, हे खास तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळता आलं पाहिजे. तिथली यंत्रंही सरकारी तांत्रिक संस्थेने तपासलेलीच होती.

आपल्या सीमाभागाला हे जास्त लागतं, सुधा. १९९६ ला सीमाप्रश्नासाठी आपल्या लोकांनी बेळगावात एवढे अर्ज भरले की ४५६ उमेदवार उभे राहिले. आपला राग आपण मतातूनच सांगत आलो. ते मत मोजणाऱ्या यंत्राला पास म्हणणारा माणूस बनवणाऱ्याचा नको, सत्तेवरच्याचा नको, हरलेल्याचाही नको. त्याला नापास म्हणता आलं पाहिजे, आणि म्हटल्यावर त्याची नोकरी टिकली पाहिजे.

तुझ्या ओळखीचे ते निवृत्त प्राध्यापक आहेत ना, त्यांना एवढंच विचार: यंत्र उघडून हवं ते तपासायची मोकळीक मिळाली, तर आधी काय मागाल? उत्तर सविस्तर लिहून पाठव. दिवाळीत येशील तेव्हा कुंदा आणून ठेवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
विलास