स्टेटमेंट लिही, पण फोटोचा अर्थ सांगू नकोस

इंदूर, रविवार

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि फोटो मिळाले. फोटो एका बैठकीत पाहून झाले, पत्र मात्र पुन्हा वाचावं लागलं, कारण अर्धं पत्र शिव्यांनीच भरलंय. प्रदर्शनवाल्यांनी दोनशे शब्दांचं आर्टिस्ट स्टेटमेंट, म्हणजे कलाकाराने आपल्या कामाबद्दल लिहायचा मजकूर, मागितलं, यात एवढं भडकण्यासारखं काय आहे ते आधी कळेना. मग तुझं शेवटचं वाक्य आलं: ‘फोटो स्वतः बोलत नसेल तर तो भिंतीवरून काढून टाका.’ हे मी फोटोग्राफरांच्या तोंडून आयुष्यभर ऐकत आलोय. फोटो बोलतो हे यांना कुणी सांगितलं, हा प्रश्नही तेव्हापासूनच मनात आहे.

तुझाच एक फोटो घेऊ. कारागीर उकिडवा बसलाय, पुढ्यात हनुमानाचा खांद्यापासून सुटा हात पडलाय. खांद्याच्या जागी सळई, सळईला पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जुनी मोटर. मोटरच्या पत्र्यावर ग्रीसमध्ये उमटलेली बोटं अगदी मोजता येतील इतकी स्वच्छ दिसतात. हाताची गदा अजून लागायची आहे. मागच्या भिंतीतून पिंपळ फुटलाय. फोटो झकास आहे, वाद नाही. पण पुण्यातला कुणी रसिक त्यापुढे उभा राहिला की त्याला काय दिसणार? गणपतीची आरास चाललीय, म्हातारा गोड आहे, उजेड छान पडलाय. दोन पावलं पुढे.

आणि त्याला कळणार काय नाही? ही जागा म्हणजे हुकुमचंद मिल, ती 1991 च्या डिसेंबरात बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात कित्येक माणसं वाट पाहतच गेली. पण अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलची झांकी, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला हलता देखावा, निघत राहिली. कोविडची वर्षं सोड, बाकी कापड नाही, भोंगा नाही, पगार नाही, तरी झांकी आहे. आपल्याला हे सांगावं लागत नाही, आपण आजोबांच्या खांद्यावर बसून जेल रोडवर झांक्या पाहिल्यात. तुझा सगळा प्रकल्प उभा आहे तो याच गोष्टीवर, आणि ती कॅमेऱ्यात येऊच शकत नाही. बंद पडलेली गिरणी आणि रविवारची सुट्टी असलेली गिरणी फोटोत सारखीच दिसते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. लिही. चित्रकाराने नाही लिहिलं तर एक वेळ चालेल, तुला लिहावंच लागेल.

आता तू म्हणशील, मोठमोठ्यांनी कुठे लिहिलं? राजा रविवर्म्याने दमयंतीखाली चार ओळी खरडल्या होत्या का? नव्हत्या, कारण गोष्ट बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच होती. हंस दिसला की घरातली आजीसुद्धा नळ-दमयंतीचं आख्यान सांगत असे. ती सामायिक गोष्ट संपली तिथून ही कागदाची भानगड सुरू झाली.

आणि फोटोचं म्हणशील तर लाला दीनदयाळ आठव. हा माणूस 1866 च्या सुमाराला आपल्या इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागला, कॅमेरा हातात घेतला तोही इथेच. पुढे राजा दीनदयाळ झाला, निजामाचा फोटोग्राफर झाला. त्याचे जुने छाप कधी नीट बघ, पुष्कळांच्या खालच्या कडेला नंबर आणि जागेचं नाव असतं. ना भावना, ना तत्त्वज्ञान. पण त्या एका ओळीमुळे आज आपण म्हणू शकतो की हा अमुक किल्ला, हा अमुक दरबार. ती ओळ नसती तर अर्धे फोटो ‘एक जुना वाडा’ म्हणून धूळ खात पडले असते.

बडोद्याच्या ज्योती भट्टांचंही तेच. त्यांनी गावोगाव हिंडून भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या, अंगावरचं गोंदण टिपून ठेवलं. दिवाळीची रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. गाव कोणतं, सण कोणता, काढणारी कोण, हे शेजारी असलं तर तो फोटो म्हणजे दस्तऐवज, नाहीतर नुसती नक्षी. आणि भोपाळ तर आपल्या दाराशी. 1984 च्या डिसेंबरातला तो मातीत अर्धं गाडलेल्या मुलाचा चेहरा, रघु राय यांनी काढलेला, जगभर गेला. बघताच माणूस हादरतो, मान्य. पण गॅस, कारखाना, कंपनी यातलं काहीही त्या चौकटीत नाही. ते आपण शब्दांतून आणलंय. शब्द काढून घेतले तर दुःख उरतं, जबाबदार कोण ते उरत नाही.

हे झालं लिहिण्याच्या बाजूने. पण तुझा संताप बिनबुडाचा आहे असंही मी म्हणत नाही. तू ज्याला स्टेटमेंट समजून चिडलायस तो प्रकार खरंच चीड आणणारा आहे. मागे इथल्या एका सामूहिक प्रदर्शनात गेलो होतो. प्रत्येक भिंतीवर एकेक लॅमिनेट केलेला कागद. ‘स्मृती आणि अवकाश यांच्या सीमेवर मी अस्मितेचा शोध घेतो’ अशा थाटाचा मजकूर. निसर्गचित्रवाल्याचा कागद उचलून लोखंडी शिल्पाशेजारी लावला असता तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. माझी कसोटी तीच आहे: कागद शेजाऱ्याच्या भिंतीवर लावला आणि तिथेही चालून गेला, तर तो फाडायचा. हल्ली तर मोबाइलला सांगितलं की तो असले दोनशे शब्द चहा गार व्हायच्या आत लिहून देतो. म्हणजे लिहिणाऱ्याने वाचलेलं नाही, छापणाऱ्याने वाचलेलं नाही, मग बघणाऱ्याने का वाचावं?

अशा कागदांचा खरा दोष काय माहीत आहे? जे चित्राने करायचं ते काम ते स्वतः करायला जातात. काय वाटून घ्यायचं, कशाचं प्रतीक समजायचं, सगळं आधीच पदरात घालून मोकळे. आपल्या इंदूरच्या चित्रकार चिंचाळकर गुरुजींना असलं काही मागितलं असतं तर ते हसले असते. वाळकं पान, फांदीचा तुकडा, तुटकी वस्तू नुसती फिरवून ठेवायची आणि त्यातून चेहरा नाहीतर पक्षी निघायचा. तो पक्षी बघणाऱ्याला स्वतःला सापडला पाहिजे, गंमत त्यातच. खाली ‘पक्षी’ असं लिहिलं की संपलं.

पक्ष्यावरून आठवलं, हे तुला नक्की आवडेल. शिल्पकार ब्रांकुसीचं ‘बर्ड इन स्पेस’ 1926 साली बोटीने न्यूयॉर्कला पोचलं. घेणारा होता एडवर्ड स्टायकेन, म्हणजे आपल्याच जातीचा, फोटोग्राफर. कलाकृतीवर जकात नव्हती, पण कस्टमवाल्यांना त्या चकचकीत ब्राँझच्या उभ्या आकारात पक्षी काही दिसेना. त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या आणि दवाखान्यातल्या सामानाच्या सदरात टाकून चाळीस टक्के जकात लावली. खटला झाला. जंगलात हे दिसलं असतं तर गोळी झाडली असती का, असं भर कोर्टात स्टायकेनला विचारलं गेलं! 1928 मध्ये निकाल ब्रांकुसीच्या बाजूने लागला: नव्या कलेला हुबेहूब नक्कल न करता कल्पना मांडायची असते, हे कोर्टाने मान्य केलं. आता बघ, न्यायाधीशाला तो पक्षी दिसायला लागला असं काही झालं नाही. घडवणारा कोण, घडवलं कसं, ही मूळ कृती की कारखान्याचा माल, हे साक्षीदारांनी सांगितलं आणि त्यावर निभावलं. पुढे आपल्या इंदूरच्या महाराजांनी, यशवंतराव होळकरांनी, त्याचेच पक्षी घेतले, काळ्या संगमरवराचा, पांढऱ्या संगमरवराचा आणि ब्राँझचा. त्या पक्ष्यांसाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचं होतं, ब्रांकुसी स्वतः इथवर येऊन गेला, पण मंदिर काही झालं नाही. संगमरवरी जोडी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहे. भिया, आपल्याकडे राहिले असते तर सराफ्यातून खाऊन परतताना रोज बघितले असते!

असो. तर तू काय लिहायचंस? फोटोला जे सांगता येत नाही तेवढंच. मिल कोणती, बंद कधी पडली, झांकी कोण बनवतं, वर्गणी कुठून येते, तू तिथे कसा पोचलास. तो म्हातारा पूर्वी स्पिनिंग खात्यात होता असं पत्रात मला लिहिलंयस, ते प्रदर्शनाच्या कागदावर का नाही? त्याची परवानगी घेऊन नावही घाल. 1936 मध्ये डोरोथिया लँगने कॅलिफोर्नियात त्या मजूर आईचा फोटो काढला. तो जगप्रसिद्ध झाला, पण त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, लोकांना कळलं ते 1978 मध्ये, तीच वर्तमानपत्राशी बोलली तेव्हा. आणि ती खूश नव्हती. तू रात्र रात्र बसलास त्या कारागिरांबरोबर, त्यांच्या हातचा चहा प्यायलास, तुला नाव माहीत असून ते गाळणं मला पटणार नाही.

आणि काय लिहायचं नाहीस: श्रम, काळ, विस्मृती, ऱ्हास हे शब्द. मला माहीत आहे ते तुला सुचलेले आहेत. पिंपळ आहे ना फोटोत, तो बघून ज्याला जे वाटायचं ते वाटू दे.

आणखी एक, जरा नाजूक. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने 1952 च्या आपल्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि ‘निर्णायक क्षण’ त्याच्या गळ्यात कायमचा पडला. नंतर त्याने काहीही काढलं तरी लोक त्यात क्षणच शोधायचे. तेव्हा स्वतःबद्दल फार मोठं विधान करू नकोस. तू अजून काम करतोयस. या वर्षी झांक्या आहेत, पुढच्या वर्षी तू रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीत रंगांत लोळत असशील, तेव्हा जुनं विधान आड यायला नको. या कामाबद्दल लिही, ‘माझी कला’ वगैरे सोड.

शिष्यवृत्तीवाले फोटो काढायच्या आधीच सगळं लिहून मागतात, तिथे इलाज नाही. तिथे पोटापाण्यापुरतं लिहावं आणि विसरून जावं. हे मात्र प्रदर्शन आहे, फोटो झालेत, तुला ठाऊक आहे काय हाती लागलं. चित्रकार नासरीन मोहमदींनी फोटो काढून उभ्या हयातीत ते दाखवलेसुद्धा नाहीत, लिहिलं ते फक्त डायरीत. हा मार्गही खरा आहे. पण तू फ्रेमवाल्याला आगाऊ रक्कम देऊन बसलायस, तेव्हा तो मार्ग तुझ्यासाठी बंद!

दोनशे शब्दांचा बाऊ करू नकोस, शंभरात होईल. मला फोनवर सांगतोस तसं मराठीत लिहून पाठव. हिंदी मी करतो, इंग्रजीला भाची आहे, तिला फक्त ताकीद देऊन ठेवतो की अलंकार घालू नकोस. कागद फोटोच्या शेजारी लावा, दारात नको. दारात लावला की लोक आधी वाचतात आणि मग फोटोत वाचलेलंच शोधतात. अक्षर मोठं ठेवा, आपल्या वयाची माणसं चष्मा घरी विसरून येतात.

मोटरवाल्या फोटोचा छाप मात्र मोठा काढ, ग्रीसमधली बोटं दिसली पाहिजेत. प्रदर्शन उरकलं की तो मला हवाय, पैसे देईन, मित्र म्हणून सूट दे. त्याआधी एक छाप त्या म्हाताऱ्याला नेऊन दे. तुला यायला जमत नसेल तर मी जाऊन देतो, पत्ता कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. मजकूर बुधवारपर्यंत पाठव.

तुझाच