सांडपाणी किलोत मोजा : पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : औद्योगिक सांडपाण्याची तपासणी मिलिग्रॅमवर न थांबता किलोत करण्याबाबत.

महोदय,

खासगी उद्योगांनी पर्यावरणासाठी काय करावे, हा प्रश्न निघाला की चर्चा झाडे लावण्याकडे आणि सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, निधीकडे वळते. झाडे जरूर लावावीत. पण कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली या निधीसाठी काढायचे नफ्याचे 2 टक्के कारखान्याच्या नेहमीच्या कामकाजावर खर्च करता येत नाहीत. म्हणजे स्वतःचे सांडपाणी स्वच्छ करण्याचा खर्च उत्पादनखर्चातच धरावा लागतो, आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्याच खर्चावर पडते. महाडची सावित्री, रोह्याची कुंडलिका, तळोज्याची कासाडी या नद्यांचे पाणी या खर्चावर अवलंबून आहे. म्हणून हे पत्र फक्त सांडपाण्याबद्दल आहे.

आजची तपासणी अशी चालते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा क्षेत्र अधिकारी येतो, शेवटच्या टाकीतून नमुना घेतो, प्रयोगशाळा त्यातला सीओडी सांगते. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू, आणि बीओडी म्हणजे ती जिवाणूंना खायला लागणारा प्राणवायू; आकडा जितका मोठा, तितके पाणी घाण. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा सीओडी 250 आणि बीओडी 30 मिलिग्रॅम प्रति लिटर. आकडा आत बसला की कारखाना पास. मंडळ कारखान्याला देते त्या परवानगीत, म्हणजे संमतीपत्रात, रोज किती घनमीटर पाणी सोडायचे हेही लिहिलेले असते, पण नमुन्याच्या अहवालात ते कुठेच दिसत नाही. पळवाट नेमकी इथे आहे.

एक हिशेब मांडतो. प्रक्रियेनंतर 100 घनमीटर पाणी उरले आणि त्याचा सीओडी 500 आला, तर नाल्यात रोज 50 किलो जाणार आणि कारखाना नापास होणार. आता शेवटच्या टाकीत कूलिंग टॉवरचे 100 घनमीटर जवळपास स्वच्छ पाणी वळवा. सीओडी 250 वर येतो, कारखाना पास होतो, आणि नाल्यात जाणारे 50 किलो तसेच राहतात. वर 100 घनमीटर पाणी वाया गेले ते वेगळेच. हे करायला चार इंची पाइप आणि एक व्हॉल्व्ह पुरतो. तपासणीला आलेल्या माणसाने शेवटच्या टाकीला येऊन मिळणारी प्रत्येक पाइप हाताने माग काढत मागे नेली नाही, तर हे त्याला कधीच कळणार नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की संमतीपत्रात प्रत्येक कारखान्यासाठी सीओडीची रोजची मर्यादा किलोत लिहावी आणि अहवालातही किलोच मागावेत. घनमीटरला मिलिग्रॅमने गुणून 1000 ने भागायचे, इतकेच गणित आहे. हे अगदी नवीन आहे असेही नाही. साखर कारखान्यांना 2016 पासून प्रति टन गाळपामागे 100 लिटर प्रक्रिया केलेले पाणी आणि कूलिंगचे 100 लिटर अशी मर्यादा घातलेली आहे. उत्पादनाशी जोडलेले माप एका उद्योगाला लावता येते, तर रंग, रसायने, औषधे बनवणाऱ्यांनाही लावता येईल.

किलोत मोजायचे तर फ्लो मीटर खरा हवा. विद्युतचुंबकीय मीटर पाइप पूर्ण भरलेली असेल तरच बरोबर वाचतो. त्याच्या आधी पाइपच्या व्यासाच्या किमान पाचपट आणि नंतर तीनपट लांबी सरळ, बेंड आणि व्हॉल्व्हशिवाय लागते. जागा नाही म्हणून तो बेंडला चिकटून बसवतात किंवा उतरत्या, अर्धवट भरलेल्या पाइपवर बसवतात, आणि मग आकडा वाटेल तसा येतो. उभ्या पाइपवर पाणी खालून वर चढताना बसवला, तर पाइप भरलेली राहते आणि हा दोष जातो. मंडळाने मीटरच्या प्रमाणपत्राबरोबर बसवलेल्या जागेचा मोजमापांसह फोटो मागावा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 5 फेब्रुवारी 2014 रोजी 17 अतिप्रदूषक प्रवर्गांतल्या उद्योगांना ऑनलाइन निरीक्षण यंत्रणा सक्तीची केली. तिचा हेतू चांगलाच होता. पण सीओडीचा ऑनलाइन सेन्सर बहुधा अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून अंदाज बांधतो. तो अंदाज त्या कारखान्याच्याच पाण्याच्या प्रयोगशाळा-चाचण्यांशी जुळवून घ्यावा लागतो आणि उत्पादन बदलले की पुन्हा जुळवावा लागतो. काचेवर शेवाळ किंवा तेलाचा थर चढला की वाचन घसरते. आणि सेन्सर काढून नळाच्या पाण्याच्या बादलीत ठेवला, तरी सर्व्हरवर छान हिरवा आकडा जात राहतो. खऱ्या सांडपाण्याचा आलेख उत्पादनाच्या पाळ्यांप्रमाणे वरखाली होतो. तीन दिवस एका रेषेत चाललेला सीओडी दिसला, की नमुना न घेताही गडबड ओळखता येते. असे सरळ आलेख शोधून दाखवणारी साधी आज्ञावली राज्य मंडळाच्या सर्व्हरवर बसवायला फार खर्च येणार नाही.

तरीही सेन्सरपेक्षा आमचा जास्त भरवसा विजेच्या मीटरवर आणि गाळावर आहे, कारण या दोन गोष्टी लपवणे अवघड असते. रोज 200 घनमीटर आणि बीओडी 1500 असलेला कारखाना घ्या. जिवाणूंना रोज 300 किलो बीओडी खायचा आहे. त्यासाठी तेवढाच किंवा थोडा जास्त प्राणवायू लागतो. साध्या ब्लोअर-डिफ्यूझरच्या (हवा फुंकणारे यंत्र आणि तिचे बुडबुडे करणारी नळी) जोडीला प्रत्यक्षात एक किलो प्राणवायू पाण्यात विरघळवायला साधारण एक युनिट वीज लागते असे धरले, तर दिवसाला अडीचशे ते साडेतीनशे युनिट व्हायला हवीत. ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या, स्वतंत्र मीटरवर 80 दिसत असतील, तर ब्लोअर रात्री बंद असतो, दुसरे काही नाही.

गाळाचेही तसेच. खाल्लेल्या एक किलो बीओडीमागे 0.4 ते 0.5 किलो कोरडा गाळ तयार होतो. म्हणजे वरच्या कारखान्यात दिवसाला 120 ते 150 किलो. फिल्टर प्रेसमधून निघालेल्या वडीत 70 ते 75 टक्के पाणी असते, म्हणून ओले वजन 500 किलोच्या आसपास, महिन्याला 15 टन. प्रक्रियेत घातलेल्या चुन्याचा रासायनिक गाळ यात धरलेलाच नाही. घातक कचरा नियम 2016 प्रमाणे हा गाळ पाठवताना फॉर्म 10, म्हणजे वाहतुकीची नोंदपावती, भरावा लागतो. वर्षभराच्या फॉर्मांची बेरीज महिन्याला दोन टन येत असेल, तर एकतर पाणी शुद्ध झालेले नाही किंवा गाळ कुठल्या तरी माळावर पडलेला आहे. पाण्याचा नमुना एका क्षणाचे सांगतो, गाळ वर्षभराचे सांगतो. वीज, गाळ, चुन्याची खरेदी आणि आत येणारे पाणी हे चार आकडे प्रत्येक कारखान्याच्या लेखा विभागात आधीच पडून आहेत. मंडळाने ते फक्त शेजारी-शेजारी मांडायचे आहेत.

ब्लोअर बंद ठेवल्याने काय होते तेही सांगायला हवे, कारण व्यवस्थापनाला वाटते की चार तासांनी काय बिघडते. एरेशन टाकीत, म्हणजे जिवाणूंना हवा देतात त्या टाकीत, विरघळलेला प्राणवायू लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. ब्लोअर थांबला की तो लवकरच शून्यावर येतो, गाळ तळाला बसतो, काळा पडतो, वास मारतो. रोज रात्री असे झाले की धाग्यासारखे वाढणारे जिवाणू माजतात, गाळ फुगतो, बसायचे नाव घेत नाही आणि दुसऱ्या क्लॅरिफायरवरून, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीवरून, वाहून जातो. सकाळी ब्लोअर कितीही जोरात चालवला तरी गेलेले जिवाणू परत येत नाहीत. पुन्हा घडी बसायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस सोडलेले पाणी प्रक्रिया न केल्यासारखेच असते.

सामाईक केंद्रांत, म्हणजे सीईटीपीत, हेच मोठ्या प्रमाणावर घडते. महाड, रोहा, लोटे, तळोजा, तारापूर, डोंबिवली इथल्या छोट्या कारखान्यांना स्वतःची पूर्ण यंत्रणा परवडत नाही म्हणून ही केंद्रे झाली, आणि ती हवीतच. पण सीईटीपी चालते ती जिवाणूंवर, आणि जिवाणूंना अचानक बदल सोसत नाही. एका सदस्याने रात्री मदर लिकरची, म्हणजे उत्पादन काढून घेतल्यावर उरलेल्या द्रावाची, टाकी मोकळी केली, की क्षार एकदम चढतात आणि पन्नास जणांच्या पाण्यावर पोसलेली टाकी एका रात्रीत मरते. मदर लिकर, सॉल्व्हंट असलेले पाणी आणि खारे पाणी मुळातच वेगळ्या पाइपने काढायला हवे : आधी स्ट्रिपर (सॉल्व्हंट उडवून वेगळा काढणारे यंत्र), मग बाष्पीभवन, उरलेले मीठ घातक कचरा केंद्राकडे. स्ट्रिपर वगळला तर सॉल्व्हंट वाफेबरोबर उडून थंड झालेल्या पाण्यात उतरतो, आणि ‘शुद्ध’ म्हणून पुढे दिलेले ते पाणी पुन्हा जिवाणूंनाच मारते. बाष्पीभवनाला वाफ लागते आणि वाफ महाग असते. सगळे एकाच टाकीत मिसळण्याचा मोह होतो तो यामुळेच.

केंद्र सरकारच्या 1 जानेवारी 2016 च्या अधिसूचनेने सीईटीपीत येणाऱ्या पाण्याचे निकष ठरवण्याचे काम राज्य मंडळावर सोपवले आहे. म्हणजे दिल्लीकडे पाहत बसायची गरज नाही. प्रत्येक सीईटीपीची रचना किती किलोंची आहे ते काढा, ते किलो सदस्यांत वाटून द्या, आणि सदस्याचे बिल घनमीटरवर न आकारता घनमीटर आणि किलो दोन्हींवर आकारा. नुसत्या घनमीटरच्या बिलात घट्ट, म्हणजे जास्त सीओडीचे, पाणी सोडणाऱ्याचा फायदा होतो आणि पाणी वाचवणारा प्रामाणिक कारखानदार त्याचा भार उचलतो. सदस्याच्या गेटबाहेरच्या चेंबरला कुलूप, चावी सीईटीपीकडे, आणि रात्रीसाठी दर तासाला नमुना भरणारा स्वयंचलित सॅम्पलर आळीपाळीने. सॅम्पलर कुणाच्या चेंबरमध्ये आहे हे कुणालाही न सांगता.

आता मोठ्या कंपन्यांकडे वळतो, कारण त्यांची ताकद सर्वांत कमी वापरली जाते. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने 2022-23 पासून शाश्वतता अहवाल, म्हणजे बीआरएसआर, सक्तीचा केला. त्यात पाण्याचा वापर आणि विसर्ग लिहावा लागतो. पण सर्वांत घाण पाणी निघते त्या पायऱ्या, म्हणजे नायट्रेशन, सल्फोनेशन किंवा मधली रसायने बनवणे, जॉबवर्कने शेजारच्या छोट्या कारखान्यात करून घेतल्या, की मोठ्या कंपनीचा अहवाल स्वच्छ दिसतो. नाल्यात मात्र तेच पाणी जाते, फक्त वेगळ्या नावाने. राज्य सरकारला सेबीचे नियम बदलता येणार नाहीत. पण मोठ्या कंपनीला संमतीपत्र देताना तिच्या जॉबवर्कवाल्यांची नावे आणि प्रत्येकाचे संमतीपत्र मागता येईल. मोठ्या खरेदीदाराने गाळाचे फॉर्म पाहिल्याशिवाय बिल पास करायचे नाही असे ठरवले, तर छोट्या कारखान्यावर त्याचा परिणाम कुठल्याही नोटिशीपेक्षा लवकर दिसेल. त्याच वेळी जॉबवर्कच्या दरात प्रक्रियेचा खर्च धरलाच पाहिजे. दर दाबायचा आणि प्रमाणपत्र मागायचे, या दोन गोष्टी एकत्र जमणार नाहीत.

अधिकाऱ्यांविषयीही लिहितो. जल अधिनियम 1974 च्या कलम 21 प्रमाणे नमुना घेताना नोटीस द्यावी लागते, नमुना दोन भागांत करून सीलबंद करावा लागतो. ही पद्धत चुकली की अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. एकाच माणसाला दिवसाला पाच कारखाने करायला लावले की पद्धत चुकणारच. नमुन्यांची संख्या कमी करा, पण प्रत्येक नमुना कायद्याने टिकेल असा घ्या. पाणी आणि वीज तोडण्याचा कलम 33अ चा अधिकार मंडळाकडे आहे. तो कुणावर, कशासाठी आणि किती दिवस वापरला, हे संकेतस्थळावर लावा.

सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2017 च्या निकालात स्पष्ट सांगितले, की चालू स्थितीतली प्रक्रिया यंत्रणा नसलेला उद्योग चालू ठेवता येणार नाही. ‘चालू स्थितीतली’ म्हणजे काय, याची व्याख्या मात्र महिन्याच्या विजेच्या युनिटांत आणि गाळाच्या टनांत अजून कुणी लिहिलेली नाही. ती आपण लिहावी.

सुरुवात एका औद्योगिक वसाहतीपासून करता येईल. पावसाळ्याआधी करावी, कारण पहिल्या जोरदार पावसात पावसाळी गटारांतून टाक्या रिकाम्या केल्या जातात आणि पाणी गढूळ असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. त्या एका वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याचे मागच्या बारा महिन्यांचे पाणी, ईटीपीची वीज, चुना आणि गाळ एका तक्त्यात मागवा. पंधरा दिवसांची मुदत पुरे. तो तक्ता आम्ही विनामोबदला तपासून देऊ आणि ज्या कारखान्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्यांच्यापुढे खूण करून आपल्याकडे पाठवू.

आपले,
सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रात काम करणारे अभियंते, रसायनतज्ज्ञ आणि ऑपरेटर