बाबा, यंदा माझं मत वेगळं पडलं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपलं काय होतं ते मागच्या दोन आठवड्यांत तिघांनीही पाहिलं. बाबांचा आवाज चढतो, माझा त्याहून चढतो, मग आई फोन काढून घेते. त्या रात्री बाबांचं बीपी वाढलं हे मला ताईनं सांगितलं, तेही चार दिवसांनी. तेव्हापासून जिवाला चैन नाही. "तुम्हाला माणसंच कळत नाहीत," असं मी बोलून गेले. बाबा, त्या वाक्याची मी माफी मागते. मला माणसं ओळखायला तुम्हीच शिकवलंत, आणि मी तुम्हालाच असं बोलले.

मताची मात्र माफी मागत नाही. यंदा मी तुमच्या त्या माणसाला, त्या रोखठोक बोलणाऱ्या उमेदवाराला, मत दिलेलं नाही. आता ते होऊन गेलं. तुमच्यापासून लपवून ठेवलं असतं तरी चाललं असतं, कोणी विचारायला आलं नसतं. पण आपल्या घरात ती पद्धत नाही.

तो तुम्हाला का आवडतो ते मला कळत नाही असं समजू नका. तुमच्या पेन्शनची फाइल अडकली होती ते १४ महिने मी पाहिलेत. "प्रकरण विचाराधीन आहे." "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल." ती सगळी उत्तरं तुम्ही खाकी पाकिटात तारीखवार लावून ठेवली होतीत, आणि शेवटच्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतंत, "म्हणजे हो की नाही?" इतकी वर्षं गुळमुळीत बोलणं ऐकून कंटाळलेल्या माणसासमोर कोणी उभं राहून म्हणालं, कामचुकारांना एका दिवसात घरी बसवतो, तर बरं वाटणारच. मलाही वाटलं होतं. त्याचं पहिलं भाषण आपण एकत्र ऐकलं तेव्हा टाळी मीही वाजवली होती.

आई म्हणते, "तोंडानं फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही." आई, हे वाक्य तू मुळात बाबांबद्दल म्हणायचीस. आणि माझं नेमकं तिथंच अडतं.

बाबा, भर मीटिंगमध्ये तुम्ही साहेबांना सांगितलंत की रजिस्टरमध्ये लिहिलेला माल गोदामात नाही. त्यानंतर काय झालं ते आपल्या तिघांना ठाऊक आहे. तीन वर्षं दुसऱ्या गावी एका खोलीत काढलीत, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचात. मी चौथीत होते. शनिवारी संध्याकाळी खिडकीच्या गजांना गाल लावून बसायचे, गजांचे वळ गालावर उमटायचे, आणि तुम्ही आल्या आल्या अंगठ्यानं ते पुसायचात, जणू पुसले जाणारच आहेत. स्पष्ट बोललात तुम्ही आणि त्याची किंमतही तुम्हीच मोजलीत. साहेबांपुढे बोललात, शिपायापुढे नाही. म्हणून तुमच्या फटकळपणावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते. या माणसाचं रोखठोक बोलणं कोणाच्या अंगावर येतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, एवढंच मी बघायला लागले, आणि मग टाळीसाठी हात उचलेना.

माझ्या बोलण्यावर जाऊ नका, घडलेलं बघा. फिलिपिन्समध्ये रोद्रिगो दुतेर्ते दावाओ शहराचे वीसहून जास्त वर्षं महापौर होते. २०१६ मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिले ते शिव्या देत, सहा महिन्यांत अमली पदार्थांचा धंदा संपवतो असं सांगत. लोकांना वाटलं, आला एकदाचा आपल्यासारखा बोलणारा. पुढं पोलिसांच्या कारवायांत सहा हजारांहून जास्त माणसं मारली गेली. हा सरकारचाच आकडा. मानवाधिकार संघटना याच्या कितीतरी पट सांगतात. ऑगस्ट २०१७ मध्ये मनिलाजवळच्या कालोओकानमध्ये १७ वर्षांचा शाळकरी मुलगा मारला गेला. पोलीस म्हणाले, त्यानं आधी गोळी झाडली. सीसीटीव्हीत दिसलं की साध्या वेशातले पोलीस त्याला ओढत नेतायत. २०१८ मध्ये तिघा पोलिसांना शिक्षा झाली. दुतेर्तेंना मार्च २०२५ मध्ये अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेलं, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत दावाओच्या लोकांनी कोठडीतल्या दुतेर्तेंना पुन्हा महापौर म्हणून निवडून दिलं. त्या मतदारांना मी मूर्ख म्हणणार नाही. प्रेम जडलं की हिशेब मागे पडतो, एवढंच मला दिसतं.

तुम्ही म्हणाल, आपला असा नाही. बरं. मग पैशाचं घेऊ, तो तुमचा प्रांत. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान ठणकावून सांगायचे की व्याजदर वाढवले की महागाई वाढते, अर्थतज्ज्ञ उलटं सांगतात ते चूक. ऐकायला किती सोपं आणि धीट! मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर २०१९ ते २०२१ मध्ये बदलले गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये १९ टक्क्यांवर असलेला व्याजदर डिसेंबरपर्यंत १४ वर आणला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यानुसारच महागाई ८५ टक्के झाली. तुम्ही पासबुक पुढ्यात ठेवून मला शिकवलं होतंत, व्याज मोजायचं आणि त्यातून भाववाढ वजा करायची. तसं करून बघा. शंभराची वस्तू वर्षात १८५ ला. निवृत्त माणसानं आयुष्यभर साठवलेल्या ठेवीचं काय झालं असेल? शेवटी मार्च २०२४ मध्ये तोच व्याजदर ५० टक्क्यांवर न्यावा लागला. मी हे वाचत होते तेव्हा डोळ्यांपुढे तुम्ही होतात, तुमच्या त्या निळ्या फायलीसकट.

आणखी एकच सांगते, कारण यात मारामारी नाही, रक्त नाही, तरी मला ते फार बोलकं वाटतं. ट्रम्प यांनी जानेवारी २०१८ मध्ये परदेशी वॉशिंग मशीनवर जबरदस्त आयात शुल्क लावलं. आमचे कारखाने आम्ही वाचवणार, बात खतम. मशीन साधारण १२ टक्क्यांनी महागली. गंमत म्हणजे कपडे वाळवायचं यंत्रही तेवढंच महागलं, त्याच्यावर शुल्क नसताना, कारण दोन्ही जोडीनं विकतात आणि दुकानदारांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. नोकऱ्या आल्या, साधारण १,८००. पण अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा एकेका नोकरीमागे गिऱ्हाइकांच्या खिशातून वर्षाला आठ लाखांहून जास्त डॉलर गेले होते. हा आकडा कुठल्या भाषणात यायचा? घोषणा चार शब्दांत होते, भुर्दंड मात्र बिलाच्या तळाशी गुपचूप लागतो.

खरा स्पष्टवक्ता मला दिसला तो वॉल्टर माँडेल. १९८४ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारतानाच त्यानं लोकांना सांगितलं की कर वाढवावे लागतील, मी ते आत्ताच सांगतो आहे. ५० पैकी ४९ राज्यांत हरला. बाबा, यावर मी बरेच दिवस विचार करते आहे. दुसऱ्याला सुनावलेलं आपल्याला आवडतं, आपल्याच तोंडावर सांगितलेलं आवडत नाही. तुमच्या त्या माणसानं इतक्या भाषणांत तुम्हाला, म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्यांना, एक तरी कडू गोष्ट सांगितल्याचं आठवतं का? मी शोधली. मला नाही सापडली.

म्हणून गोड बोलणारे चांगले असं मी म्हणत नाही. तुमची फाइल गोड बोलणाऱ्यांनीच अडवली होती. ज्याला मी मत दिलं तोही काही फार थोर नाही. पण त्यानं पैसा कुठून आणणार ते आकड्यांत सांगितलं, आणि जमणार नाही ते जमणार नाही म्हणाला. त्याचा आवाज बसलेला आहे, भाषण कंटाळवाणं आहे, हे तुमचं म्हणणं मान्य.

असो. फार लिहिलं. तुम्हाला हरवायला लिहिलं नाही, खरंच नाही. लहानपणी सभेला मला खांद्यावर बसवून न्यायचात ते आठवतं. भोंग्याचा आवाज वाढला की मी दचकायचे, आणि तुम्ही दोन्ही हात वर करून माझे कान झाकायचात. तुम्हाला मान वळवता यायची नाही, वक्ता दिसायचा नाही, तरी हात काढायचा नाहीत. ती ऊब अजून कानांशी आहे.

इकडची काळजी करू नका, मी बरी आहे, झोप लागते, काम नीट चाललंय. मत वेगळं पडलं म्हणून बाकी काही बदलत नाही. सुट्टी मंजूर झाली की येणार, आठ दिवस राहणार, माझी गादी माळ्यावरून आत्ता काढू नका. मी आल्यावर काढीन.

आता माझं ऐकायचं. रात्री नऊनंतर टीव्हीवरच्या चर्चा बंद. आई, रिमोट तुझ्याकडे ठेव. बीपीची गोळी घड्याळ बघून घ्यायची, चर्चा संपल्यावर नाही. रोज सकाळी बीपी मोजून वहीत लिहायचं, आणि खरं तेच लिहायचं. बाबा, मागच्या वेळी सलग सहा दिवस एकच आकडा होता, तो मला दिसला. कानाच्या मशीनची बॅटरी ताईनं पाठवली आहे, ती बदला. टीव्हीचा आवाज वाढवत बसू नका. आई, गुडघा दुखत असताना स्टुलावर चढायचं नाही, कितीही जळमटं दिसली तरी.

त्याचे व्हिडिओ पाठवणं तुम्ही थांबवलंत, ते मला आवडलेलं नाही. पाठवत जा. मी पूर्ण ऐकते, आणि ऐकून काय वाटलं ते आवाज न चढवता सांगेन.

रविवारी सकाळी दहाला फोन करते. बाबा, फोन तुम्ही उचला. लगेच आईकडे देऊ नका.

तुमची,
धाकटी