काका, त्या २२ दातांच्या फ्रीव्हीलबद्दल थँक्यू

काका, तुमचे आभार समोरासमोर मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच माझ्या सायकलच्या चेनकडे बघायला लागता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

विषय तोच आपला, सिंगल-स्पीड म्हणजे एकाच गिअरच्या सायकलवर सामान बांधून लांब लांब जायचा. मी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा जो तो एकच सांगत होता, आधी गिअरची सायकल घे मग बघू. काहींनी काळजीने सांगितलं, काहींनी सवयीने, पण माझी सायकल मात्र कोणीच बघितली नाही. तुम्ही बघितलीत. मागचं चाक उचलून पॅडल फिरवलंत, दात मोजलेत, पुढच्या चक्राला म्हणजे चेनव्हीलला ४४, मागच्याला म्हणजे फ्रीव्हीलला १६, आणि मग मला तीन प्रश्न विचारलेत. सामान किती नेणार? सगळ्यात मोठा चढ दिवसाच्या सुरुवातीला लागतो का शेवटी? आणि चढावर तू बसून मारतेस का उभी राहून?

त्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी तुमची खरंच ऋणी आहे. सायकल आपण ट्राय करतो सपाट रस्त्यावर, रिकामी, ताज्या पायांनी, आणि त्यावरच ठरवतो की हा गिअर बरोबर आहे. तुम्ही म्हणालात की सिंगल-स्पीडचा गिअर सकाळच्या पायांसाठी निवडायचाच नाही, संध्याकाळच्या पायांसाठी निवडायचा, आणि तोही भरलेल्या सायकलवर. एवढं साधं वाक्य, पण त्यानंतर माझ्या डोक्यातला सगळा हिशोबच बदलला.

आणि तुम्ही नुसतं सांगून सोडलं नाहीत, आकडे मांडून दाखवलेत. माझ्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ४४ ला १६ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक पावणेतीन वेळा फिरणार, सायकल सहा मीटर पुढे जाणार. सपाटीला छान. पण चढावर वेग ताशी ८ किलोमीटरवर आला की त्याच गिअरवर मिनिटाला जेमतेम २२ फेरे होतात, म्हणजे प्रत्येक फेरा अक्षरशः दाबून दाबून काढायचा, आणि तो सगळा दाब गुडघ्यावर. मागे २२ चं फ्रीव्हील टाकलं की सरळ दोनास एक. एका फेऱ्यात ४.४ मीटर, त्याच चढाला त्याच वेगाने ३० फेरे, आणि पॅडलवर लागणारा जोर पाव हिश्शापेक्षा थोडा जास्तच कमी. सपाटीला मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी २१ च्या आसपास मिळतात, सामान घेऊन दिवसभर चालवायचं असेल तर मला तरी त्याहून जास्त वेग नकोच असतो. तुम्ही आधी चेनव्हील बदलायला सांगितलं नाहीत, आधी मागचं बदलून बघ, स्वस्तात होतं, म्हणालात आणि तुमच्याकडचं पडलेलं २२ चं फ्रीव्हील काढून हातावर ठेवलंत.

जुनं १६ चं काढताना जे झालं ते मी कधी विसरणार नाही. पॅडल मारत राहिलं की फ्रीव्हील आट्यांवर अजून अजून घट्ट होत जातं, त्यामुळे ते निघता निघत नाही. तुम्ही फ्रीव्हील काढायचा रिमूव्हर व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, घट्ट धरलात, वर अख्खं चाक ठेवलंत आणि दोन्ही हातांनी रिम धरून स्टिअरिंगसारखी फिरवलीत, कडकन आवाज आला आणि सुटलं. नवीन बसवायच्या आधी आट्यांना भरपूर ग्रीस लावलंत आणि म्हणालात, हे ग्रीस आत्ता नाही, पुढच्या वेळी काढताना कामाला येणार. सहा दात वाढल्यामुळे जुनी चेन आखूड पडली, ती पण नवीन मोजून कापून दिलीत.

मग तो चेनचा ताण. मला वाटायचं चाक मागे ओढायचं आणि नट आवळायचे, झालं. तुम्ही खालच्या बाजूच्या चेनखाली बोट ठेवून क्रँक अगदी हळू फिरवायला लावलंत, आणि एका ठराविक जागी चेन बोटाला एकदम ताठ लागली, अर्धा फेरा पुढे गेलं की परत सैल. चेनव्हील शंभर टक्के मध्यावर बसलेलं नसतं म्हणून असं होतं हे मला तेव्हा कळलं. तुम्ही चेनव्हीलचे पाचही बोल्ट थोडे थोडे सैल केलेत, जिथे चेन ताठ होती तिथेच तिला पान्याच्या दांड्याने हलकं ठोकलंत, परत फिरवून बघितलंत, परत ठोकलंत. दोन-तीन वेळा केल्यावर पूर्ण फेऱ्यात चेन सगळीकडे सारखीच हलायला लागली, वर-खाली एखादा सेंटीमीटर. मग बोल्ट आवळले. गिअरच्या सायकलला डिरेलरची, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाची, स्प्रिंग चेनचा ढिलेपणा गिळून टाकते, आपल्याकडे ते काम करणारं कोणी नाही, सैल राहिली तर खडबडीत उतारावर चेन पडणार आणि जास्त ताणली तर बेअरिंग रडणार. आता मी मोठ्या राइडच्या आदल्या रात्री हे न चुकता करते आणि मला ते काम मनापासून आवडतं.

उजव्या बाजूला चेन टग, म्हणजे मागचा एक्सल जागेवर धरून ठेवणारा तुकडा, लावायचा आग्रह पण तुमचाच. उभं राहून जोर लावला की चाक उजवीकडून पुढे सरकतं आणि टायर फ्रेमला घासतो. टग लावल्यापासून ते एकदाही झालं नाही.

बॅगांच्या बाबतीत तुम्ही जे सांगितलंत ते कुठल्या व्हिडिओत इतकं नीट मिळालं नव्हतं, कारण बहुतेक सल्ला गिअरवाल्यांसाठी असतो आणि गिअरवाला चढावर बसून असतो. आपण उभे असतो. उभं राहून सायकल डावीकडे-उजवीकडे झुकवत चढताना सीटमागच्या बॅगेत वजन असेल तर ती उलट्या बाजूला झोका घेते आणि प्रत्येक फेऱ्याला मागून कोणीतरी खेचतंय असं वाटतं. म्हणून पाणी, हत्यारं, ट्यूब, जड ते सगळं फ्रेमच्या मधल्या बॅगेत आणि तेही तळाला, सीटमागे फक्त कपडे आणि स्लीपिंग बॅग, ती पण हवा काढून दाबून. हँडलवर तंबू, पण बॅग बारीक ठेवायची कारण चढावर हँडल आपण ओढतो, तिथे वजन वाढलं की पुढचं चाक भरकटतं. मी आधी सारखं वजन सगळीकडे वाटून ठेवायचा विचार केला होता, तुम्ही घरी येऊन सगळं सामान जमिनीवर मांडायला लावलंत आणि जवळजवळ एक तृतीयांश बाजूला काढलंत. तेव्हा थोडा राग आला होता काका, आता सांगायला हरकत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उतरून ढकलायची परवानगी. परवानगी हाच शब्द बरोबर आहे कारण आपल्यात उतरणं म्हणजे हरणं असं एक भूत बसलेलं असतं. तुम्ही परत आकडेच दिलेत. दोनास एकवर ताशी ५ चा वेग म्हणजे मिनिटाला १९ फेरे, हृदय तोंडात आलेलं, आणि तोच वेग माणूस पायी चालून गाठतो. मग गुडघे का खर्च करायचे? सायकलच्या डाव्या बाजूला उभं राहायचं म्हणजे चेन पोटरीला लागत नाही, एक हात हँडलवर, एक सीटच्या मागे, आणि शांतपणे चालायचं. त्यासाठी पॅडल सपाट हवेत आणि बूट चालता येतील असे हवेत, कडक सोलचे नकोत. आता खूप खडा चढ दिसला की मी दम लागायच्या आधीच उतरते, आणि वर पोचल्यावर पाय अजून माझेच असतात. तसंच सीटवरून उठायचं पण वेग मेल्यावर नाही, चढ सुरू व्हायच्या जरा आधी, उताराचा वेग अंगात असतानाच. हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला पण आता रस्ता लांबून वाचायची सवयच झालीये, पुढचा उतार कुठे संपतो, त्यावर किती वेग घ्यायचा, कुठे ब्रेक अजिबात लावायचा नाही.

तुम्ही सांगितलेल्या जुन्या गोष्टी पण मला चढावर आठवतात, सायकलवर जगप्रदक्षिणा करणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सची तर नेहमी. १८८४ ला सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला, सामानात जादाचे मोजे, एक शर्ट आणि तंबूचं पण काम करणारा रेनकोट. त्या सायकलला चेनच नव्हती, पॅडल थेट पुढच्या चाकाला, चाकाचा व्यास ५० इंच. गिअर आजही इंचात मोजतात तो हिशोब त्या चाकांपासूनच आलाय हे तुम्ही सांगितलंत, आणि मग मी माझा काढला, ४४ ला २२ म्हणजे दुप्पट, त्याला माझ्या चाकाच्या व्यासाने गुणलं की ५५ इंच. म्हणजे जवळपास त्याच गिअरवर त्याने डोंगर ओलांडले, आणि तो सुद्धा जिथे चढवत नव्हतं तिथे उतरून ढकलतच गेला. ज्यांना वाटतं हे फक्त जुन्या काळातलं वेड आहे त्यांच्यासाठी, कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंतची टूर डिवाइड ही सायकल शर्यत, ४,३०० किलोमीटरच्या वर डोंगराळ कच्चा रस्ता, अलेक्झांड्रा हूचिनने सिंगल-स्पीडवर केलीये.

मला एक गोष्ट फार आवडते काका, तुम्ही गिअरच्या विरोधात कधीच बोलत नाही. गुडघा आधीच दुखत असेल तर सिंगल-स्पीड नको, हे तुम्ही माझ्यासमोर एकाला स्पष्ट सांगितलंत आणि त्याला गिअरची सायकल निवडायला मदत पण केलीत. मला स्वतःला हे का आवडतं विचाराल तर, चिखलात डिरेलर अडकायची, तो जिथे टांगलेला असतो तो हँगर वाकायची भीती नाही हे तर आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे दिवसभर डोक्यात कुठला गिअर हा प्रश्नच नसतो. चढ आला की जोर, उतार आला की आराम, सपाटी आली की आपली लय. वारा समोरून असेल तर जीव जातो हे खरंय, आणि मागून असेल तेव्हा पाय भिरभिरतात आणि वेग काही वाढत नाही, तेव्हा मी पॅडल मारणंच सोडते आणि आजूबाजूला बघत बसते.

एका बाबतीत मात्र तुमचं मला पटलेलं नाही. जादाचं फ्रीव्हील सोबत ने म्हणता, पण ते रस्त्यात बदलायला व्हाइस कुठून आणणार? मी क्विक लिंक (चेन झटपट जोडायचा दुवा), चेनचे चार जादाचे दुवे, चेन टूल आणि १५ चा पाना एवढंच नेते, आणि निघायच्या आधी फ्रीव्हील कानाशी धरून फिरवते, खरखर आली तर घरीच बदलायचं.

त्यावर तुम्हीच सुचवलेला उपाय मी आता करतेय. दोन्ही बाजूला फ्रीव्हील बसेल असा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, घेतलाय, एका बाजूला २२, दुसऱ्या बाजूला १८. टूर दे फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला बंदी होती तेव्हा रेसर डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढून उलटं लावायचे, तेच. चार दातांच्या फरकाला एक्सल साधारण १३ मिलिमीटर मागे-पुढे होतो, माझ्या फ्रेमच्या खाचेत ते बसतंय, काल मोजून बघितलं. फक्त चाक उलटल्यावर मागचे ब्रेक शू रिमवर नीट बसत नाहीयेत, १८ वर बरोबर आणि २२ वर चाक पुढे गेलं की थोडे आत स्पोककडे सरकतात.

तर थँक्यू काका, फ्रीव्हीलबद्दल, त्या ठोकाठोकीबद्दल, माझं सामान निर्दयपणे बाहेर काढल्याबद्दल, आणि "गिअरची घे" असं एकदाही न म्हटल्याबद्दल. रविवारी चाक घेऊन येते, ब्रेकचं काय करायचं ते तेवढं बघा.