पुन्हा तोच बोळा

सेंट पॉल, मिनेसोटा
गुरुवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिग्या,

फोनवर सांगायला घेतलं तर तू मधेच हसणार आणि मग मीही हसण्यावारी नेणार, म्हणून लिहितोय. अक्षर लावून घे.

अण्णा गेले तेव्हा मी व्हॉट्सअॅपवर दोन जोडलेले हात पाठवले आणि तू ‘ठीक आहे’ असं उत्तर दिलंस. तुझं ‘ठीक आहे’ मी पंचवीस वर्षं ऐकतोय. चौदा महिने झाले, फोन करायला धजलो नाही. त्याबद्दल पुढे लिहितो. तब्येती बऱ्या आहेत. माझी साखर काठावर, वृंदाचा खांदा थंडीत धरतो, सई माझ्यापेक्षा उंच झाली. झालं.

गोष्ट पाइपाची आहे, त्यामुळे दुकानातल्या पोरांना वाचून दाखवलीस तरी चालेल. पहिला अर्धा भाग. पुढचा नको.

शनिवारी पहाटे तीनला नाकाचा शेंडा गार पडला म्हणून जाग आली. बाहेर उणे ३१ सेल्सियस, घरात तेरा. तू इथं कधी आला नाहीस (तीनदा तिकीट बघून ठेवलं होतंस, तो विषय नको), म्हणून सांगतो: इथं घराच्या तळघरात फर्नेस असते. गॅसवर हवा तापवायची आणि पत्र्याच्या डक्टमधून घरभर फिरवायची. ती बंद पडणं म्हणजे तुमच्याकडे मे महिन्यात बोअर आटणं. २०१९च्या जानेवारीत इथं उणे २८ फॅरनहाइट (म्हणजे उणे ३३ सेल्सियस) झालं होतं, तेव्हा टपाल खात्यानंसुद्धा त्या दिवशीचं वाटप बंद ठेवलं होतं.

खाली गेलो. फर्नेसच्या काचेतून लाल दिवा लुकलुकत होता. तीनदा, थांबा, तीनदा. दाराच्या आतल्या तक्त्यावर पाहिलं: प्रेशर स्विच. म्हणजे काय, तर गॅस सोडण्याआधी एक छोटा पंखा धुराच्या वाटेतून हवा ओढून बघतो. वाट मोकळी असेल तर स्विच मिटतो आणि मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. वाट तुंबलेली असेल तर नाही म्हणजे नाही. तीन-चार वेळा प्रयत्न करून यंत्र गप्प बसतं. आपल्या होस्टेलच्या रेक्टरपेक्षा जास्त अक्कल आहे त्याला.

आता ही धुराची वाट कशाची? ऐक आणि खूश हो. पीव्हीसीची! दोन इंची पांढरा पाइप, तुझ्या दुकानात रांगेनं उभा असतो तसलाच, जरा जाड भिंतीचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही पटेना, धुराडं आणि प्लॅस्टिकचं? पण २०२१ साली बसवलेली ही नवी फर्नेस धुरातल्या वाफेचं पाणी करते आणि त्यातलीही ऊब काढून घेते. शंभरातली शहाण्णव टक्के उष्णता घरात. उरलेला धूर इतका थंड की पाइपावर हात ठेवता येतो. देसाई सर नाही का फळा बडवून सांगायचे, मिथेनच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन. कडाक्याच्या थंडीत दिवसाला चांगलं बादलीभर पाणी निघतं, आणि तेही आंबट.

पाइप दोन असतात. एकातून बाहेरची ताजी हवा जाळायला आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. दोन्ही भिंतीतून बाहेर, बर्फ साठेल त्या पातळीच्या वर किमान फूटभर. हवेच्या पाइपाचं तोंड खाली वळवलेलं, धुराचं त्यापासून लांब, नाहीतर स्वतःचाच धूर परत ओढून घ्यायची. आणि धुराच्या पाइपाला ढाळ द्यायचा तो बाहेरच्या बाजूला नव्हे, मागे, फर्नेसकडे. फुटाला पाव इंच. पाणी उलटं वाहत येऊन फर्नेसच्या तळातून मोरीत जातं. बाहेर ढाळ दिला तर पाइपाच्या तोंडाशी बर्फाचं बूच बसेल.

तर हा सोळा फुटांचा पाइप माझ्या तळघरात छताखालून गेलाय. नोव्हेंबरात सईला खाली वेगळी खोली करून दिली. सोळा वर्षांची आहे, तिला ‘स्पेस’ हवी. पार्टिशनची चौकट ठोकताना पाइपाचे दोन क्लॅम्प आड आले. काढले. दोन दिवसांत परत लावू म्हटलं.

तू आत्ता जे तोंड केलंयस ते मला इथून दिसतंय.

पाइप मधोमध पोटाळला, पोटात पाणी साठलं. गेले तीन आठवडे फर्नेस सुरू झाली की वर गुडगुड आवाज यायचा. वृंदा म्हणाली, हे काय? मी म्हटलं, पोट बिघडलंय तिचं. या विनोदावर मी स्वतः हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

तुझ्या गच्चीवरून आपलं २००९ साली जे झालं ते आठवतंय ना? मी अमेरिकेतून आलेला मेकॅनिकल इंजिनियर. गवंड्यासमोर तुला सांगितलं की एवढा ढाळ पुरे, उगीच जास्त कोबा घालून वजन वाढवू नकोस. आणि पहिल्याच पावसात तळं झाल्यावर तू म्हणालास, ‘अव्या, पाण्याला डिग्री दाखवून चालत नाही.’ मी दोन वर्षं बोललो नव्हतो तुझ्याशी. शनिवारी पहाटे स्वेटरवर स्वेटर चढवून त्या पाइपाखाली उभा असताना तेच वाक्य आठवलं, आणि खरं सांगतो, तुला शिव्या घातल्या.

मग सईची जुनी क्रिकेटची बॅट आणली, पुस्तकांच्या खोक्यावर उभी केली आणि तिच्या टोकावर पाइपाचं पोट उचलून धरलं. आत सर्रकन पाणी धावल्याचा आवाज आला. दोन मिनिटांनी पंखा, मग इग्नायटर लालभडक, मग भप्प. मी तिथंच जिन्यावर बसलो. जिंकल्यासारखं वाटलं रे. पहाटे चारला कोणाला सांगणार? तुला फोन करणार होतो, तिकडे दुपार होती. केला नाही.

आता पुढचा भाग.

सोमवारी मेकॅनिक आला. म्हातारा, गुडघे दुखणारा, कमी बोलणारा. बॅट पाहून म्हणाला, ‘हा कुठल्या खेळाचा क्लॅम्प?’ मग त्यानं पोटाळलेला तुकडा कापला, आतली कड चाकूनं साफ केली, जांभळा प्रायमर, सोल्युशन, पाव फेरा देऊन पाइप आत घट्ट दाबला आणि तीसेक आकडे मोजेपर्यंत सोडला नाही. तू नव्या पोरांना ओरडतोस ना, ‘धरून ठेव, पळून चाललाय का गिऱ्हाईक’, तसं. सोळा फुटांना चार इंच ढाळ, लेव्हल लावून. चार-चार फुटांवर क्लॅम्प. अर्ध्या तासात काम संपलं. मी चेकबुक काढलं.

तो हलेना. शेजारच्या वॉटर हीटरकडे बघत होता. मग खाली वाकला आणि कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट करून म्हणाला, ‘यात काय आहे?’

दिग्या, बादलीत सोलापुरी चादर होती. अर्धी.

तुला नीट सांगितलं पाहिजे. फर्नेस नवी, तिचा श्वास तिच्या पाइपातून. पण पाणी तापवायची टाकी जुन्या पद्धतीची आहे. ती खोलीतलीच हवा घेते आणि धूर आपोआप, गरम म्हणून वर चढतो, विटांच्या जुन्या धुराड्यातून. पंखा नाही, स्विच नाही, काही नाही. तिला हवा मिळावी म्हणून भिंतीतून एक सहा इंची लवचिक डक्ट खाली आणलेला असतो आणि त्याचं तोंड बादलीत सोडलेलं असतं, म्हणजे गार हवा बादलीत बसून राहते आणि लागेल तेवढीच उतू जाते. इथल्या जुन्या घरांतली साधी युक्ती. पण उणे वीसमध्ये ती बादली म्हणजे उघडा फ्रीज. सईच्या खोलीची फरशी बर्फ झाली होती. म्हणून मी डक्टच्या तोंडात चादरीचा बोळा कोंबला. शिवाय आवाज नको म्हणून फर्नेस आणि टाकी असलेल्या त्या कोठीला घट्ट दार लावलं, खाली रबराची पट्टी मारून.

मेकॅनिकनं टेप काढून कोठी मोजली. बर्नरच्या दर हजार बीटीयूला (तासाच्या उष्णतेचं इथलं माप) पन्नास घनफूट हवा लागते. माझी टाकी चाळीस हजारांची, म्हणजे दोन हजार घनफूट. कोठी निघाली पाचशे चाळीस. त्यानं दार लावलं, मला वर पाठवून स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला पंखा, कपड्यांचा ड्रायर, सगळं सुरू करायला लावलं. गरम पाण्याचा नळ सोडला. टाकीचा बर्नर पेटला. मग धूर आहे का म्हणाला. मी देवघरातली उदबत्ती पेटवून दिली.

टाकीच्या डोक्यावर, धुराड्याचा पाइप जिथं सुरू होतो, तिथं एक उघडी टोपी असते. उदबत्ती तिथं धरली की धूर आत ओढला गेला पाहिजे. तो बाहेर आला. माझ्या तोंडावर. सरळ, शांतपणे, मोगऱ्याच्या वासाचा.

त्याच्या हातातल्या मीटरवर २८ आकडा होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत विषारी कार्बन मोनॉक्साइडचे २८. मी म्हटलं, वरचा अलार्म कसा वाजला नाही? तो म्हणाला, सत्तरला वाजायलासुद्धा तास ते चार तास घेतो, तिसाच्या खाली तो बोलतच नाही. आणि खाली, मुलीच्या खोलीजवळचा कुठाय? झोपायच्या प्रत्येक खोलीपासून दहा फुटांत पाहिजे, असा मिनेसोटाचा कायदाच आहे. मला माहीत होतं. घ्यायचा राहिला होता.

चादर ओढून काढली, दार उघडलं, पाच मिनिटं थांबलो. उदबत्तीचा धूर वळला आणि टोपीत शिरला. तेवढंच. आणखी एक खोट निघाली: फर्नेस बदलली तेव्हा ज्यानं बसवली त्यानं तिला जुन्या धुराड्यातून काढलं आणि त्या भल्यामोठ्या धुराड्यात ही एवढीशी टाकी एकटी सोडली. धुराडं तापेचना. आत अॅल्युमिनियमची अरुंद नळी सोडायला हवी होती. इथं त्याला ‘अनाथ हीटर’ म्हणतात. म्हणजे दोष वाटून घेता येतो, माझ्या एकट्याचा नाही. तेव्हाही आपण असंच म्हणालो होतो.

सई डिसेंबरपासून डोकं दुखतंय म्हणत होती. आम्ही मोबाइलला नावं ठेवली. मी स्वतः तिला झंडू बाम लावून वर लेक्चर दिलं. डॉक्टर म्हणाली, आता तपासून काही कळणार नाही, असेल किंवा नसेल. सोमवारपासून ती वर आमच्या शेजारच्या खोलीत झोपते आणि डोकं दुखत नाही म्हणते. पण ती हेही म्हणते की परीक्षा संपली म्हणून दुखत नाही.

वृंदाला मी चादरीचं सांगितलं. नळस्टॉपच्या खोलीचं नाही सांगितलं. वीस वर्षांत नाही सांगितलं.

तू पुठ्ठा काढलास ना व्हेंटिलेटरमधून, दार तोडल्यावर? मी जिन्यात मन्याचे पाय धरून उभा होतो आणि मला वर बाथरूममधून तो पुठ्ठा फाटल्याचा आवाज आला. नंतर कुलकर्णी काकू वर आल्या, मालक आले, तेव्हा तो कुठंच नव्हता. तू सगळ्यांना सांगितलंस, गॅसचा गिझर खराब आहे. मन्यालाही तेच सांगितलंस. डॉक्टरांनी पॅडवर काढून दाखवलं होतं, हा वायू रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी जास्त चिकटतो, आणि मी मान हलवत होतो, जसं काही गिझर माझा कोणी लागतच नव्हता. मन्याचा एम-थ्री, गणिताचा पेपर, राहिला. त्यानं मला नोट्स मागितल्या, मी झेरॉक्स काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. केवढा मोठेपणा!

आधीचा आठवडाभर त्याचंही डोकं दुखत होतं. आपण म्हणायचो, मन्याला अभ्यासाचं अजीर्ण झालंय.

तू मला त्या रात्री एवढंच म्हणालास, ‘थंडी वाजत होती तर पांघरूण मागायचंस.’ नंतर कधीच काही नाही. गच्चीच्या भांडणात तू मला वाट्टेल ते बोललास, माझ्या बापापर्यंत गेलास, पण हे काढलं नाहीस. मी वाट बघत होतो काढशील म्हणून. काढलं असतंस तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. सोमवारी तो म्हातारा गेल्यावर मी ती चादर हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. धुवायला टाकावी की फेकावी, तेही ठरेना.

असो. अण्णांबद्दल पुढे लिहितो म्हटलं होतं. त्यांनी मला पहिल्यांदा विमानतळावर सोडलं, जीपला धक्का मारून. यायला हवं होतं मी. रोहनची सीईटी कधी आहे? वहिनींना सांग, गेल्या वेळची शेंगादाण्याची चटणी अजून पुरवून खातोय. द्राक्षवाल्यांची उधारी वसूल झाली का? झाली नसणार.

मन्याचा जुना नंबर लागत नाही. भिलाईला आहे की नागपूरला, तेही मला माहीत नाही. तुझ्याकडे असणार. पाठव. काय बोलायचं ते ठरलेलं नाही, आणि तू ‘कशाला आता’ म्हणणार हे माहीत आहे, तरी पाठव.

तुझा,
अव्या

ता. क. धुराड्यात नळी सोडायला मंगळवारी येणार आहेत. तोवर टाकी बंद, अंघोळीचं पाणी पातेल्यात तापवतोय. सईला गंमत वाटते. खाली अलार्म दोन लावलेत, एक पुरतो.